तीन रिंगा

३ फेब्रु., सोम.
नव्या साइटींची यादी आली. चौथं नाव सिरगापूर. बायकोला म्हणालो, "अगं, अक्काच्या दारातली साइट आली की." ती म्हणाली, "मग आता तरी जा." टोमणा बरोबर बसला.
चोवीस वर्षं झाली टॉवरवरची यंत्रं चालू करत हिंडायलोय. सेडम, चित्तापूर, औराद, बसवकल्याण. सगळ्या मुलखाला रेंज दिली, अक्काच्या कोरेवाडीला न्हाई. दिव्याखाली अंधार म्हणतेत तो आसा.

४ फेब्रु., मंगळ.
आळंदच्या पुढं रस्ता तोच, खड्डे बी तेच. त्यातले दोन तर मला नावानं ओळखतेत.
टॉवर उभा आहे, चाळीस मीटर. यंत्रं अजून खोक्यात. वर चढायला मस्तान, आळंदचा. अकरा वर्षं माझ्यासंगं आहे. चढताना कव्वाली म्हणतो, उतरताना मला शिव्या घालतो.
खोकी उघडली तर अँटेना दोनच. एरवी तीन असतात, तीन दिशांना. नकाशा बघितला. एक उत्तरेला, सिरगापूर गावावर. एक आग्नेयेला, तांड्यावर. पश्चिमेला, म्हणजे कोरेवाडीकडं, काहीच न्हाई. शेरा मारलाय: 'पश्चिमेस महाराष्ट्र. परवान्याची हद्द संपते. सिग्नल जाऊ नये.'
आरं पण कोरेवाडी कर्नाटकातच आहे की! हद्द म्हणजे वाडीच्या पल्याडचा ओढा.
फाईल उलटीपालटी केली. पाच वर्षांखालचा सर्व्हेचा फॉर्म सापडला. 'कोरेवाडी, ता. उमरगा, महाराष्ट्र.' माहिती देणाऱ्याची सही खाली. लफ्फेदार, शेवटी दोन टिंबं. दाजींची सही. अक्काचा नवरा. जाऊन तीन वर्षं झाली त्यांना.
कानात आवाजच आला त्यांचा. "बोली मराठी, बाजार उमरग्याचा, सोयरे उमरग्याचे. मग मी आळंदचा कसा रे?" सात-बारा कन्नडमध्ये, रेशनकार्ड कन्नडमध्ये, पण कुणी गाव विचारलं की छाती काढून "ता. उमरगा". सर्व्हेवाल्याला बी तेच सांगितलं. त्यानं लिहून घेतलं. वाडी कागदावर हद्दीपार झाली.
मस्तान म्हणाला, "क्या हुआ साब, भूत देखे क्या?"
व्हय म्हणालो.

५ फेब्रु., बुध.
दुपारी वाडीला गेलो. साइटीपासून दोन किमी. अक्का दारात. "आलास व्हय रे बाळ्या. किती वाळलास." माझं पोट पट्ट्याच्या बाहेर आलंय, पण अक्काच्या डोळ्याला मी वाळलेलाच.
आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा. अक्का अठराची, लग्न होऊन चार महिने झालेले. मला काखेत मारून सासरी घेऊन आली. दाजी म्हणायचे, "हुंड्यात मेव्हणा आला, परत कुणाला करायचा?"
गुडघा बरा न्हाई तिचा. दिवाळीत रेंजच्या दगडावरनं पडली. हा दगड वाडीमागच्या माळावर. पुरुषभर उंच, त्याला दोन खाचा पायरीसारख्या. वर उभं राहिलं की उमरग्याकडच्या टॉवरची एक काडी येते. बोलणं तुटतं पण रिंग जाते. सगळी वाडी संध्याकाळी तिथं. कुणाची सून बाळंत झाली, कुणाची तूर काय भावानं गेली, सगळं त्या दगडाला ठाऊक. आता अक्काला घरापासून माळ चढवत न्हाई. तीन महिने झाले, तिचा फोन म्हणजे नुसतं घड्याळ.
भाचा सुनील पुण्यात. पाडव्याला येऊन तिला घेऊन जाणार म्हणतोय. मला बी फोनवर बोलला होता. "मामा, ती एकटी पडली आणि कुणाला कळलंच न्हाई तर? घरात फोन लागला असता तर मी कशाला बोललो असतो? तुम्ही टॉवरवाले, आणि आमच्याच घरात रेंज न्हाई." 
अक्काला विचारलं, जातीस का.
"पुण्यात काय करू रे? दार उघडलं की समोर दुसऱ्याचं दार. इथं निदान ओढा दिसतोय." मग म्हणाली, "सुन्याला सांगितलंय मी. घरात रेंज आली तर हलत न्हाई. न्हाई आली तर गप जाते. आता तूच बघ."
मी फॉर्मचं सांगितलं. दाजींची सही, ता. उमरगा. अक्का आधी हसली, मग पदरानं डोळे पुसले, मग परत हसली. "मेला माणूस, मेल्यावर बी ऐकंना."

६ फेब्रु., गुरु.
गुरुवार. सहा वाजले. सवयीनं फोन बघितला. रिंग न्हाई, येणार बी न्हाई, ठाऊक आहे.
आमचा कायदा जुना. वाडीत पहिला मोबाइल आला तेव्हाचा, फोनवर बोलायला पैसे पडायचे तेव्हाचा. गुरुवारी संध्याकाळी अक्का दगडावर जाणार आणि रिंग देऊन कट करणार. एक रिंग म्हणजे बरं हाय. दोन म्हणजे तू फोन कर. तीन म्हणजे असशील तसा ये. पुढं बोलणं फुकट झालं तरी कायदा तोच राहिला. कुठल्या कुठल्या टॉवरच्या बुडाशी बसून मी ती एक रिंग बघितलीय, आणि मग डबा उघडलाय.
तीन रिंगा एकदाच आल्या.
ते लिहायचं तर आज लिहावं. तीन वर्षांखाली, सेडमकडची साइट, सकाळचे अकरा. साइट चालू व्हायला तासभराचं काम राहिलेलं, वरून साहेब फोनवर फोन करायला. खिशात फोन थरथरला. एक. दोन. तीन. बघितल्या मी. दाजींचं दुखणं चार दिवस ठाऊक होतं. तरी मनात म्हणालो, एवढं चालू करतो आणि निघतो. एकाचे चार तास झाले. पोचलो तेव्हा दाजींना अंगणात घेतलेलं.
अक्का म्हणाली, "दोनपतूर विचारायलेते, बाळ्या निघाला का." आणि मी म्हणालो, "रिंगा आल्याच न्हाईत अक्का. रेंज नव्हती."
तिनं मान हलवली. त्यानंतर ती दर गुरुवारी दगडाच्या पार टोकावर चढायला लागली. शेजारच्या बाया सांगायच्या, किती बी ओरडा, ऐकत न्हाई. टोकावरनंच पडली.
बायकोला बी हे सांगितलेलं न्हाई.

७ फेब्रु., शुक्र.
दोन्ही अँटेना चढल्या. मस्तान वर, मी खाली होकायंत्र घेऊन. "थोडा बायें! बस! अर्रे बस बोला ना!"
ह्याच कामाला मी नववीत लागलो होतो, पगार नसताना. दाजींनी टीव्ही आणला, वाडीतला पहिला. अँटेना पत्र्यावर, बांबूला. मी पत्र्यावर, दाजी आत टीव्हीसमोर, अक्का मधे दारात, निरोप पोचवायला. दाजी आतून ओरडायचे, "उमरग्याकडं फिरव!" अक्का ओरडायची, "उमरग्याकडं!" मी फिरवायचो. "आलं का?" "मुंग्या आल्या!" "आता?" "आवाज आला, माणूस न्हाई!" मराठी बातम्या पाहिजेत म्हणून एवढा खटाटोप. आळंदकडं फिरवलं की कन्नड बातम्या आरशासारख्या स्वच्छ दिसायच्या. दाजी म्हणायचे, "बंद कर. मुंग्याच लाव."
मोठं झाल्यावर तेच केलं. फक्त पत्रा उंच झाला.
सा. ५ ला साइट चालू. सिरगापुरात पोरंटोरं, म्हातारे, सगळे फोन वर धरून. पेढे आले. तांड्यावरनं बी लोक आले. मी कोरेवाडीच्या रस्त्यावर गाडी घातली. पिंपळापतूर चार काड्या, विहिरीपाशी एक, अक्काच्या दारात शून्य.

८ फेब्रु., शनि.
मस्तान म्हणाला, "साब, तांडे वाली अँटेना थोडी उधर घुमा देतूं. कोन देखता?"
गप बसलो. मस्तान माझं गप बसणं अकरा वर्षांपासून ओळखतो. तो चढला.
अक्काच्या दारात दोन काड्या. फोन लावला, लागला. अक्का फोनकडं बघायली आणि माझ्याकडं बघायली. "बाळ्या, लागला की रं!" घरभर फिरली लंगडत. चुलीपाशी लागला, देवघरात लागला, न्हाणीत बी लागला. पोरीसारखी हसत होती. सुनीलला लावला. "आरं चुलीपाशी हाय मी, चुलीपाशी!"
मी धपाटे खाल्ले. 

१० फेब्रु., सोम.
सकाळीच साइटीच्या फाटकावर तांड्याचा म्हातारा. हातात नवा फोन, त्याला दोऱ्यानं बांधलेलं प्लास्टिक. "साहेब, शुक्रवारी नातवाशी बोललो. शनिवारपासून गेलं. आमचं काय चुकलं का?"
आमचं काय चुकलं का! आसा गोरामोरा झालो की मस्तानकडं बघवंना. चाळीस घरांची रेंज उचलून एका घराला दिली, आणि वर धपाटे खाल्ले.
म्हाताऱ्याला चहा पाजला. मस्तानला म्हणालो, चढ. तो चढला. कव्वाली बी न्हाई. दहाला अँटेना नकाशाप्रमाणं. म्हातारा फोन कानाला लावून रस्त्यानं हसत गेला.
दुपारी अक्काकडं जाऊन सांगितलं, परवाची रेंज दुसऱ्यांची होती. अक्का म्हणाली, "मग परत दिलीस ते बरं केलास. लोकाचं कशाला?" फोन कोनाड्यात ठेवून दिला.
सा. बेंगळुरूला प्लॅनिंगच्या मॅडमना फोन केला. तिसरी अँटेना पाहिजे, पश्चिमेला. त्या म्हणाल्या, तिकडं महाराष्ट्र आहे. मी म्हणालो, न्हाई, मधे एक वाडी आहे. कागद काय सांगतो? कागद चुकलाय. चुकवला कुणी? आता काय सांगू. म्हणालो, माझ्या दाजींनी.
मॅडम हसल्या. म्हणाल्या, वाडी कर्नाटकात असल्याचा पुरावा पाठवा.

१२ फेब्रु., बुध.
पुरावा शोधायला अक्काची ट्रंक उघडली. वर दाजींचा फेटा. खाली माझी दहावीची गुणपत्रिका, मी नोकरीवरनं धाडलेली पहिली दोन पत्रं, टीव्हीची पावती. तासभर पुरावा राहिला बाजूला. गुणपत्रिकेच्या मागं दाजींनी पेन्सिलीनं लिहिलेलं: 'बाळू पास. पेढे अर्धा किलो.'
तळाला लाईटबिलांची चळत. सगळी कन्नड. दाजींचं नाव कन्नडमध्ये, कोरेवाडी, तालुका आळंद. जन्मभर ज्या माणसानं मुंग्या बघितल्या पण कन्नड बातम्या लावू दिल्या न्हाईत, त्यानं एक एक बिल तारखेवार लावून ठेवलेलं. अक्का म्हणाली, "लाईट तोडतील म्हनून भ्यायचे. तोंडानं उमरगा, बिल भरायला आळंद."
फोटो काढून मॅडमना पाठवले. पंचायतीचा दाखला बी आणला.

१३ फेब्रु., गुरु.
मॅडमचं उत्तर न्हाई. रिंग न्हाई. कलबुर्गीला परत आलो. घरात चिडचिड केली, वरणाला मीठ कमी म्हणून. मीठ बरोबर होतं.

१७ फेब्रु., सोम.
मॅडमचा फोन. वाडी कर्नाटकात हे मान्य! तिसरी अँटेना लावा, पण चाचणीपुरती, एक आठवडा. तोंड खाली वाकवून, ताकद कमी ठेवून. आठवड्यात मोजणीची गाडी ओढ्यापल्याड फिरणार. तिकडं सिग्नल फार गेला तर उतरवायची.
म्हणजे वाडीला पाहिजे, ओढ्यापल्याड नको. अक्काच्या घरापासून ओढा चारशे पावलं. लहानपणी मीच मोजलेली.
कोठारातून तिसरी अँटेना मिळाली, आणि तिला सिग्नल देणारा रेडिओचा डबा, जुना पण चांगला. मस्तान म्हणाला, "इस बार हक की लगाते साब."

२० फेब्रु., गुरु.
तिसरी चढली. यंत्रावरचे बिघाडाचे सगळे अलार्म गेले, दुपारी चारला चालू. सकाळीच अक्काला सांगून ठेवलं होतं, पाचनंतर दारात बसून रिंग दे. गुरुवार आहे, कायद्यानं होऊ दे.
टॉवरच्या बुडाशी बसलो, फोन मांडीवर.
सव्वापाचला एक रिंग. मस्ताननं शिट्टी मारली. मला हुंदकाच आला, लपवला न्हाई. तोवर दुसरी. मी परत लावायला घेतला. तेवढ्यात तिसरी.
उठलो आणि गाडीकडं पळालो. मस्तान मागनं ओरडायला, साब चप्पल, चप्पल. दोन किमी कसं गेलो ठाऊक न्हाई.
अक्का दारात, पाय लांब करून, फोन पदरात. हसायली.
"कामून तीन दिल्या? काय झालं?"
"काय बी न्हाई. पोचतेत का बघितलं."
"जीव गेला की माझा!"
ती हसायची थांबली. ओढ्याकडं बघत म्हणाली, "त्या दिवशी मी दगडाच्या खालच्याच खाचेवरनं दिल्या रे. ह्यांना शेजारणीपाशी टाकून आलेली, वर चढाय येळ जाईल म्हनून. वर गेले असते तर पोचल्या असत्या. तू आला असतास. ह्यांना दिसला असतास. तीन वरसं हेच डोस्क्यात फिरायलंय."
मला वाटायचं ती रेंजला दोष देते. ती स्वतःला देत होती. म्हणून दर गुरुवारी टोकावर चढायची. म्हणून पडली.
"पोचल्या होत्या अक्का," मी म्हणालो. "तीनी. अकराला. मी बघितल्या होत्या."
तिनं माझ्याकडं बघितलं न्हाई. मी सांगत गेलो. तासाभराचं काम, साहेब, चार तास. काही सोडलं न्हाई. सांगताना माझं मलाच ऐकवंना.
ती चौकटीला धरून उठली, आत गेली. भाकर, शेंगाची चटणी, वर तेलाची धार. ताट माझ्यासमोर ठेवलं. "जेव."
जेवलो. मी जेवताना अक्का समोर बसली न्हाई, असं आयुष्यात पहिल्यांदा.
निघताना म्हणालो, येतो अक्का. आतून आवाज आला, "हं."

२१ फेब्रु., शुक्र.
मोजणीची गाडी आली. ओढ्याच्या काठाकाठानं फिरली. थोडा सिग्नल पल्याड जायलाय. थोडा म्हणजे किती, ते बेंगळुरूत ठरणार. अँटेना अजून दोन अंश वाकवली. वाडीत जायला पाहिजे होतं. गेलो न्हाई.

२४ फेब्रु., सोम.
बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत राहिली. म्हणाली, "अक्कानं ताट दिलं ना?" दिलं. "मग?" म्हणालो, जेवताना समोर बसली न्हाई.

२७ फेब्रु., गुरु.
आठवडा आज संपला. मॅडम म्हणाल्या, उद्या कळवते, काठावरची गोष्ट आहे. काठावरचीच आहे बाई, जन्मापासून.
सुनीलचा फोन सकाळी. काल शिवरात्रीला आईशी तासभर बोलला, व्हिडिओवर. चूल दाखवली, साबुदाणा दाखवला. "मामा, हे टिकलं तर मी नेत न्हाई तिला." टिकेल का विचारत होता. उद्या सांगतो म्हणालो. मग अडखळत विचारलं, माझ्याबद्दल काही बोलली का. म्हणाला, "न्हाई. का हो?"
मी फोन लावला तर ती उचलेल. पण गुरुवारची रिंग तिच्याकडनं येते, माझ्याकडनं न्हाई. तो कायदा तिचा आहे.
सहाला दहा कमी. बाहेर अजून उजेड आहे. समोर लॅपटॉपवर सिरगापूरची साइट उघडून बसलोय. तिन्ही दिशा हिरव्या, एक बी अलार्म न्हाई. कोरेवाडीत रेंज आहे, अक्काच्या दारात आहे, चुलीपाशी बी आहे. आज रेंज नव्हती असं कुणालाच म्हणता येणार न्हाई.
फोन टेबलावर उताणा ठेवलाय.